गोल शिक्का

मी बी. कॉम. आहे. बी. कॉम. झालेल्याला हिशेब येतो असे आमच्या सौ.चे मत नाही. पण आमच्या शाखाधिकाऱ्यांचे आहे. शिवाय हिशेब येणाऱ्याला संगणकही येतो, असे ते परस्पर धरून चालतात. त्यामुळे 'शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांचे काम आधुनिक करायचे आहे, जाणकार माणूस पाठवा' असे विद्यापीठाचे पत्र आले, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून सगळी शाखा न्याहाळली आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. बाकीचे सगळे चहाला गेले होते.

तसा आधुनिकपणा सरकारने केव्हाच आणला आहे. १५ ऑगस्ट २०१५ ला विद्यालक्ष्मी पोर्टल सुरू झाले. अर्ज एकच भरायचा, तो तीन बँकांना पाठवता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. निवडक संस्थांतल्या मुलांना तारण नको, जामीन नको. पण बोनाफाइड आणि वर्षवार फीचा तक्ता, हे दोन कागद विद्यापीठाच्या खिडकीतूनच यायचे. त्यासाठी पोरांच्या चार-चार खेपा होत.

नव्या व्यवस्थेत मुलाने मोबाइलवरून मागणी करायची आणि संगणकाने दाखला काढून द्यायचा. पहिल्याच दिवशी पाहतो तर खिडकीवरचे तात्या तो दाखला छापत होते, त्यावर गोल शिक्का मारत होते आणि पुन्हा स्कॅन करून संगणकात घालत होते.

"तात्या, हे कशाला?"

"शिक्क्याशिवाय तुमची बँक घेते का?"

मी खोकलो. गेल्याच आठवड्यात 'शिक्का नाही' म्हणून तीन दाखले मी स्वतः परत पाठवले होते.

तेवढ्यात एक मुलगी आली. फीची मुदत चार दिवसांवर. बँकेचे बाकी सगळे झाले होते, बोनाफाइडसाठी अडले होते. संगणक म्हणे, नाव जुळत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. संगणकाच्या मते या दोन मुली होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही तो दाखला देईना. मागे वडील उभे होते, टोपी हातात.

"सायेब, पोरगी एकच हाय. दुसरी असती तर तिलाबी शिकवली असती."

मी तासभर बटणे दाबली. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात यावर काही नव्हते. शेवटी तात्यांनी ड्रॉवरमधून विद्यापीठाचा कोरा कागद काढला, 'दोन्ही नावे एकाच विद्यार्थिनीची आहेत' असे तीन ओळींत लिहिले, कुलसचिवांची सही आणली आणि शिक्का असा मारला की टेबलावरचा चहा हिंदकळला. तो कागद मी स्वतः शाखेत नेला आणि नोकरीत प्रथमच एकही शंका न काढता पुढे सरकवला. तिसऱ्या दिवशी फी भरली गेली.

अहवालात मी दोनच सूचना केल्या. एक, आडनाव कुठेही असले तरी संगणकाने मुलगी एकच धरावी. दुसरी, पडताळणी क्रमांक असलेल्या दाखल्यावर बँकेने शिक्का मागू नये.

पहिली विद्यापीठाने आठ दिवसांत अमलात आणली. दुसरी आमच्या बँकेने परत पाठवली आहे. अहवालावर गोल शिक्का नाही म्हणे.