सेऊलचा बुधवारचा मोर्चा

नोव्हेंबर २०१८ मध्ये बौद्ध विहारांच्या सहलीबरोबर दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल पाहण्याचा योग आला. जोग्येसा विहारात वंदना करून आम्ही बाहेर पडलो आणि थोडे चालून एका पुतळ्यापाशी आलो. वार बुधवार, वेळ दुपारी बाराची.

पुतळा राजाचा नाही, सेनापतीचा नाही. खुर्चीवर बसलेली एक साधी मुलगी. केस आखूड कापलेले, मुठी आवळलेल्या, पाय अनवाणी. शेजारची खुर्ची रिकामी. न्याय न पाहताच गेलेल्यांची ती जागा. थंडी होती म्हणून कुणीतरी मुलीला लोकरीची टोपी आणि मफलर घातला होता. जपानच्या दूतावासाची जुनी इमारत जिथे होती, तिकडे तिची नजर लागलेली.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. युद्धकाळात जपानी लष्कराने आपल्या सैनिकांसाठी अड्डे उघडले. कारखान्यात काम देतो असे सांगून गरिबांच्या मुली तिथे नेल्या. काहींना जबरदस्तीने नेले. चीन, फिलिपिन्स, इंडोनेशियातील मुलीही त्यात होत्या. त्यांना नाव दिले ‘कम्फर्ट वुमेन’, म्हणजे आराम देणाऱ्या बायका! ज्या जगल्या त्या परत येऊन गप्प राहिल्या. गुन्हा सैन्याचा, लाज मात्र त्यांच्या वाट्याला आली.

१४ ऑगस्ट १९९१ रोजी ही कोंडी फुटली. किम हाक-सून या विधवा बाईने स्वतःचे नाव सांगून, चेहरा न झाकता आपली हकिकत जगासमोर मांडली. मग इतरजणी पुढे आल्या. २४० जणींची सरकारदरबारी नोंद झाली. ८ जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. हजाराव्या बुधवारी, १४ डिसेंबर २०११ रोजी, हा पुतळा बसवला गेला.

तिकडे या स्त्रियांना आदराने ‘हालमोनी’, म्हणजे आजी म्हणतात. त्यांच्या निवाऱ्यासाठी १९९२ मध्ये बौद्ध संस्थांनी निधी जमवून घर उभे केले. आम्ही पाहिले त्या दिवशी शाळेतील मुले-मुली फलक घेऊन रस्त्यावर बसली होती. मागणी साधी: गुन्हा कबूल करा, कायद्याने जबाबदारी घ्या, पुस्तकात खरा इतिहास शिकवा.

डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला. जपानने १०० कोटी येन दिले. अनेकींनी पैसे घेतले. त्यांना दोष देता येणार नाही. पण काही आज्यांनी ठाम नकार दिला. आम्हाला न विचारता आमच्या दुःखाचा सौदा कसा केला, हा त्यांचा सवाल होता. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सेऊलच्या न्यायालयाने १२ जणींच्या दाव्यात प्रत्येकीला १० कोटी वॉन देण्याचा आदेश जपानला दिला. जपानने तो मानला नाही. नोंद झालेल्यांपैकी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच हयात आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, मदत आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आज्यांनी जगाला शिकवले. किम हाक-सून १९९७ मध्ये गेल्या. निकाल त्यांना पाहता आला नाही. पण त्या बोलल्या म्हणून २४० जणी उभ्या राहिल्या. आपल्या वस्तीत एखादी लेक, एखादी बहीण आपल्यावरचा अत्याचार सांगू लागली, तर “गप्प बस, अब्रू जाईल” असे तिला म्हणू नका. तिच्या शेजारी बसा. अब्रू जाते ती अत्याचार करणाऱ्याची.