तंबोऱ्याची डागडुजी

माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत तंबोरा सहसा एखाद्या कोपऱ्यात, जुन्या नऊवारीच्या खोळीत, भिंतीला टेकून उभा असतो. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग आपली घराणी धार-देवासला आली ती तलवारीच्या आणि लेखणीच्या बळावर. गाणे मागाहून आले आणि दरबाराच्या आश्रयाने टिकले. देवासच्या दरबारात उस्ताद रजब अली खाँ (१८७४-१९५९) होते. पुढे जानेवारी १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन येथल्या कोरड्या हवेसाठी आले, बरे झाले, पुन्हा गाऊ लागले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. तंबोरे जुळवण्याच्या बाबतीतला त्यांचा काटेकोरपणा सर्वश्रुतच आहे. त्या सहवासामुळे देवासच्या श्रोत्याचा कान तंबोऱ्यापुरता जरा लाडावलेला आहे, हे मान्य करायला हवे. गवई फळीवर बसून खुंटी पिळू लागला की आपल्याकडची वयस्क मंडळी चुळबुळ करीत नाहीत; उलट डोळे मिटून घेतात.

आमच्या घरातला तंबोरा आजोबांनी मिरजेहून आणवला होता. धारच्या वाड्यात आत्या त्यावरच गाणे शिकली. वाडा विकून सगळे देवासला आलो तेव्हा सामानाच्या गाडीत त्यावर कोणीतरी पितळी हंडा ठेवला. शंभर किलोमीटरांच्या रस्त्यात हंड्याला काही झाले नाही. खोळ उघडली तेव्हा भोपळ्याच्या पाठीला तळहाताएवढे भोक पडलेले, तेथून दोन तडे तबलीच्या कडेपर्यंत गेलेले आणि घोडी निखळून खोळीच्या तळाशी पडलेली. आत्याने सगळे तुकडे वेचून एका रुमालात बांधले. एक मोठा तुकडा मात्र कोठेच सापडला नाही.

गावातल्या एका सुताराने भोपळा जोडून दिला. त्याने दोन नळ्यांतले रासायनिक मिश्रण कालवून तडे बुजवले आणि भोकावर पातळ पत्री लावली. काम मजबूत झाले होते, पण तार छेडली की पत्री झणझणायची. आत्याने तार बोटाने दाबली आणि तंबोरा पुन्हा खोळीत घातला. तेव्हापासून तिचे पहाटेचे गाणे थांबले. मी तिला विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आणून दिली. बेंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास ही युक्ती काढली आणि हजारो विद्यार्थ्यांची सोय केली, याबद्दल मला आदरच आहे. आत्याने चार दिवस ती पेटी लावली. पाचव्या दिवशी म्हणाली, "ही माझं ऐकत नाही रे. नुसती वाजत राहते." वय वर्षे ८१. या वयात थांबलेले गाणे पुन्हा सुरू होईलच याची खात्री कोणी द्यावी?

माझा पुतण्या बास गिटार वाजवतो. त्याच्याकडे एक जुनी अमेरिकी बनावटीची गिटार आहे आणि तिची तो आजोबांच्या पोथीसारखी निगा राखतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बास गिटार बाजारात आणली तेव्हा तिची मान धडाला स्क्रूंनी जोडलेली होती. मान बिघडली तर उतरवून दुसरी बसवता यावी, अशी सोय पहिल्या दिवसापासूनच होती. पुतण्याला एखादी खुंटी किंवा घोडी हवी असली की तो साल आणि क्रमांक पाहून परदेशातून मागवतो आणि ती तंतोतंत बसते. तरी त्यांच्या दुनियेत एक चमत्कारिक नियम आहे: वाद्य जितके जुने तितके मूळ भागांचे महत्त्व अधिक. एक स्क्रू बदलला तरी किंमत उतरते. त्यामुळे त्याचा सल्ला असा की तंबोऱ्याला हात लावू नये. आहे तसा काचेच्या कपाटात ठेवावा, शोभेल. आत्याने त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि मी कुठे बसू? कपाटाशेजारी?"

अखेर मी तंबोरा घेऊन मिरजेला निघालो. इंदूरहून पुणे आणि पुढे मिरज, असा प्रवास. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मिरज दोनच कारणांसाठी ठाऊक असे, वानलेस साहेबांचा दवाखाना आणि तंतुवाद्ये. मी दुसऱ्या कारणासाठी चाललो असलो तरी गाडीतली माझी अवस्था रोग्याला घेऊन जाणाऱ्यासारखीच होती.

मिरजेत वाद्ये बनू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे लोक. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, आणि फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या कसबी माणसांनी हात तंबोऱ्याकडे वळवला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते निवर्तले तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. असा कान शेजारी असल्यावर कारागिरांना सुटका नव्हती. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले, पण मानांकन नव्या वाद्याला मिळते. जुन्याची डागडुजी हा वेगळाच धर्म आहे, आणि त्याला वेळ देणारे हात थोडे आहेत.

मी ज्या कारागिराकडे गेलो त्यांच्या कारखान्यात आढ्याला शेकडो भोपळे टांगलेले होते. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. खायच्या भोपळ्याशी यांचे नाते नावापुरते. हा कडू, जाड सालीचा, वेलावरच पुरता वाळू दिलेला. मग तो पाण्यात भिजवायचा, कापायचा, आतून काठ्यांचे ताण देऊन आकारात आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. कारागिरांनी आमच्या भोपळ्याभोवती सुतळी फिरवून माप घेतले: ५२ इंच. मग ती सुतळी घेऊन ते आढ्याखालून हिंडू लागले. घेर जुळला तर पाठीची चपटाई जुळेना. चपटाई जुळली तर साल पातळ. दोन भोपळे सारखे नसतात, त्यामुळे सुटा भाग मागवण्याची भाषाच येथे लागू पडत नाही. नवा भोपळा बसवायचा तर दांडीचा गळा त्याप्रमाणे नव्याने घडवावा लागेल. "मग भोपळा नवा, गळा नवा. तुमचं काय राहिलं साहेब?" असे त्यांनीच मला विचारले. पुतण्याचे म्हणणे मला मिरजेत, वेगळ्या तोंडून, पुन्हा ऐकू आले.

डागडुजीच करायची असे ठरले. आधी तबली काढायची होती. तंबोऱ्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात, आणि सरसाचा मोठा गुण असा की ऊब आणि ओल मिळाली की तो सोडतो. तापवलेली पातळ सुरी कडेने फिरवीत तासाभरात तबली अलगद उचलली गेली. आमच्या सुताराचा रासायनिक लेप मात्र काही केल्या सुटेना. तो कानशीने घासून काढण्यात पुरते दोन दिवस गेले. जोडणाऱ्याने पुढच्या जोडणाऱ्याचाही विचार करायचा असतो, हे सरसाला ठाऊक आहे. नळीतल्या औषधाला नाही.

तबली निघाल्यावर आत जे दिसले त्याने मी थक्क झालो. भोपळ्याच्या आतल्या अंगाला, गळ्याच्या जरा खाली, सुती कापडाची एक पट्टी सरसाने चिकटवलेली होती आणि तिच्याखाली वीतभर जुना तडा होता. म्हणजे हा तंबोरा पूर्वीही एकदा फुटला होता. केव्हा, कोणाच्या हातून, कोणी जोडला, घरात कोणालाच माहीत नाही, आत्यालाही नाही. ज्याला आम्ही सगळे 'मूळ' म्हणत होतो तो आमच्या जाणतेपणाच्या आधीच दुरुस्त झालेला होता. मी तेथूनच पुतण्याला फोन करून हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पट्टीचा फोटो काढून ठेव, काका."

हरवलेल्या तुकड्याची जागा भरायला कारागिरांनी कोपऱ्यातला एक मोडका भोपळा काढला. कोण्या एकेकाळच्या तंबोऱ्याचा तो अवशेष होता. सालीची जाडी नखाने चाचपून, बाक जुळतो तेवढाच भाग त्यांनी कापला आणि भोकात बसवला. आतून कापडाच्या पट्ट्या, वरून लाखेचा रंग. भोपळ्याला भोपळ्याचेच ठिगळ. उजेडात तिरपे धरले तर ते अजून दिसते, आणि दिसू द्यावे असेच मला वाटते.

खरा प्रश्न घोडीचा होता. तंबोऱ्याचे शरीर भोपळा आणि दांडी असेल, पण आवाज घोडीच्या माथ्यावर घडतो. हा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि तिच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उघडत जातात. याला आपण जवारी म्हणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना, १९२१ साली, तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीवर संशोधन प्रसिद्ध केले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यात ते उमटतात. जे आपल्या गवयांना कानाने ठाऊक होते त्यापुढे युरोपातला नियम अडखळतो, हे रामन यांनी दाखवून दिले.

आमच्या घोडीच्या लाकडी बैठकीवर सांबरशिंगाची पट्टी होती. वर्षानुवर्षे तारांनी तिच्यात चार खाचा पाडलेल्या. नवे सांबरशिंग मिळणे शक्य नाही, आणि मिळू नये हेच योग्य. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांनी तो व्यापार बंद केला. आता उंटाचे हाड वापरतात, कृत्रिम पट्ट्याही वापरतात. कारागिरांनी हाडाची नवी घोडी पुढे ठेवली. ती स्वच्छ, पांढरी, नीटस होती. मी आत्याला फोन लावून दोन्हींवरचा आवाज ऐकवला. फोनवरून काय कळणार, असे मला वाटत होते. ती म्हणाली, "पहिला दुसऱ्याचा आहे. दुसरा आपला."

कारागिरांनी जुनी पट्टी नखावर तोलून पाहिली. जवारी काढायची म्हणजे माथा कानशीने घासायचा आणि खाचा पुसून नवा उतार द्यायचा. दर वेळी थोडे शिंग कमी होते. त्यांच्या मते या पट्टीत अजून एका जवारीपुरतीच जाडी शिल्लक होती. म्हणजे ही शेवटची. मी विचारात पडलो. ही जवारी आता काढली तर उद्या उरणार काय? न काढली तर राखून ठेवून तिचा उपयोग कोणाला? "ज्याला गायचं आहे त्याच्यासाठी काढायची," कारागीर म्हणाले आणि कानस उचलली.

ते काम मी दीड दिवस पाहिले. दोन फेरे कानस, मग बारीक पॉलिश कागद, मग घोडी जागेवर, तार चढवायची, छेडायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा कानस. मधूनच तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहायचा. बोलणे जवळजवळ नाही. दुकानाबाहेर रस्त्यावर रिक्षा, फेरीवाले, शाळेची मुले यांचा गोंगाट चालू होता आणि त्या सगळ्यातून त्यांना एका तारेतला गांधार ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खर्जाची तार छेडल्यावर ते थांबले, कानस पुसून डब्यात ठेवली आणि चहा मागवला. ही वस्तू कोणत्याही दुकानातून मागवता येत नाही. तारांची तशी अडचण नाही. जर्मनीतल्या रोस्लाऊच्या नावाने ओळखली जाणारी पोलादी तार जोडासाठी मिळाली आणि खर्जासाठी पितळेची. शिसवी खुंट्या दोन नव्या केल्या, दोन जुन्याच ठेवल्या. मणी मात्र रुमालातलेच.

देवासला परतल्यावर आत्याने तंबोरा दोन दिवस खोलीत नुसता उभा ठेवला. मिरजेची हवा आणि माळव्याची हवा एक नाही; लाकडाला नव्या घराशी ओळख करून घेऊ द्यावी, असे तिचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती तार जुळवण्याच्या आवाजाने. तिने बराच वेळ जुळवले. गाणे असे काही म्हटले नाही, नुसता षड्ज लावला, तो मध्येच तुटला, पुन्हा लावला. चहाच्या वेळी एवढेच म्हणाली की खर्ज परत आला आहे, जोड अजून परका वाटतो, महिन्याभरात बसेल. तो बसला. आता ती रोज अर्धा तास गाते. दम पुरत नाही तेव्हा नुसती तारा छेडीत बसते.

हाडाची घोडीही मी विकत घेऊन आलो आहे. ती कापसात गुंडाळून तारांच्या वेटोळ्यांबरोबर एका डब्यात ठेवली आहे. दिवाळीत पुतण्या आला तेव्हा त्याने तंबोरा मांडीशी घेऊन खर्ज छेडला आणि कान भोपळ्याला लावून, स्वर विरेपर्यंत तसाच बसून राहिला. मग खिशातून फोन काढून सूर मोजू लागला. आत्याने फोन बाजूला ठेवायला लावला आणि त्याच्याकडून चारही तारा कानाने जुळवून घेतल्या, तासभर लागला. आपल्याकडे वैशाखात लाकूड आकसते आणि खुंट्या सरकू लागतात. तेव्हा खुंटीला लावायचा खडू कोणत्या कोनाड्यात आहे, तेही तिने त्याला दाखवून ठेवले.