भुईभाडं

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाची नजर बिघडते. देवळात गेलो तरी माझं लक्ष मूर्तीच्या आधी दानपेटीच्या कुलपाकडे जातं. एखादं टुमदार घर दिसलं की बाकीचे लोक बाग बघतात, गॅलरी बघतात, माझ्या तोंडून निघतं, "जागा कोणाच्या नावावर आहे?" या एका प्रश्नामुळे मी तीन वास्तुशांतींत यजमानांचा रोष ओढवून घेतलेला आहे. सौ.नं तर आता मला जेवणाच्या वेळीच न्यायचं ठरवलंय. तोंड भरलेलं असलं की प्रश्न निघत नाही.

पण नियतीचा विनोद बघा, आमच्याच गावच्या घराची जागा आमच्या नावावर नाही. जागा देवस्थानची. वडिलांनी तिथे घर बांधलं आणि जन्मभर दरसाल भुईभाडं भरलं. "आपण देवाचे भाडेकरू," असं ते पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यानं सांगत. मी कॉमर्सचा पदवीधर. कर्ज खात्यात बसायला लागल्यावर अशा घरांच्या फायली 'जागेचा मालकी हक्क नाही' असा शेरा मारून परत करायला शिकलो, आणि प्रत्येक शेऱ्यागणिक आमचं घर माझ्या मनात थोडं थोडं हवेत लटकायला लागलं. वडील गेले, आई गेली. शेजारचा दुकानदार नुसता ढाचा विकत घ्यायला तयार झाला. राहिली फक्त धाकट्या बहिणीची सही, मुखत्यारपत्रावर. आणि ती बॉस्टनजवळ.

तिनंच तिकीट काढून दिलं. एरवी मी बुलढाण्याहून फार तर नागपूरला जायचा. बॅगेत शेगावची कचोरी, मेतकूट आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. कचोरी पहिल्याच संध्याकाळी संपली. कागदांचा विषय काढला तर म्हणाली, "दादा, आधी फिरून तर घे. सही काय पळून चालली?"

आठ दिवस झाले, तरी सही काही उभी राहीना. मग ऑगस्टातल्या एका बुधवारी सकाळी जावईबापूंनी गाडी काढली. वूड्स होल नावाच्या बंदरावरून पाऊण तास बोट, आणि समोर मार्थाज व्हिन्यर्ड नावाचं बेट. तिथल्या ओक ब्लफ्स गावात दुकानं ओलांडून आम्ही एका बोळातून आत शिरलो आणि मी थबकलो. झाडांखाली गोलाकार रस्ते, आणि दोन्ही बाजूंना खेळण्यातली वाटावीत अशी लाकडी घरं. गुलाबी, पिवळी, जांभळी. वळचणीला लाकडाच्या झालरी, जशी आमच्याकडे रुखवतात कागदाची नक्षी करतात तशी. आणि इतकी चिकटून, की एका घरात शिंकलं तर शेजारच्यानं आशीर्वाद द्यावा.

सवयीनं तोंडातून निघालंच. "जागा कोणाची?"

बहीण याचीच वाट बघत होती. "देवाची," ती म्हणाली. "घर माणसांचं, जागा देवाची. म्हणूनच तुला आणलं."

तर गोष्ट अशी. १८३५ साली मेथॉडिस्ट पंथाची काही माणसं ओकच्या एका राईत आठवडाभर प्रार्थनेला जमली. त्या काळी अमेरिकेत अशा उघड्यावरच्या मेळाव्यांची चालच होती. त्याला कॅम्प मीटिंग म्हणत. प्रवचनकाराच्या मंचाभोवती पहिल्या वर्षी मोजून नऊ तंबू होते. जागेला नाव दिलं वेस्लियन ग्रोव्ह. एकेका गावच्या मंडळीचा एकेक मोठा तंबू, खाली पेंढा, मध्ये कापडी पडदा. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. मला तर शेगावच्या पालखीतल्या राहुट्याच दिसायला लागल्या. आमच्या दिंडीचा तंबू असाच असतो. फरक एवढाच, की आमचे लोक सकाळी तंबू उपटून पुढच्या मुक्कामाला जातात, आणि यांना पुढचा मुक्कामच नव्हता. यांचं पंढरपूर तेच.

मुक्काम हलत नसला की माणूस सोयी बघायला लागतो. सामुदायिक तंबूतून एकेका कुटुंबाचा तंबू वेगळा झाला. (सासू-सुनेचा इतिहास तिथल्या कागदपत्रांत नसेल, पण मला अंदाज आहे.) मग तंबूखाली फळ्यांची जमीन आली. मग पुढची भिंत लाकडाची. १८५९ नंतर तंबूंच्या जागी लाकडी घरंच उठायला लागली. पण बांधली तंबूच्याच जागेवर आणि तंबूच्याच मापाची! दाराला दोन पाखं, तंबूचे दोन पडदे बाजूला सारावेत तशी. वर निमुळतं छप्पर. काही दारांना चर्चसारखी कमान. कापड गेलं, लाकूड आलं, घराचा तंबूपणा काही गेला नाही. अशी पाचशेच्या आसपास घरं झाली होती म्हणतात. आज तीनशेच्या वर उभी आहेत, साधारण चौतीस एकरांत.

आता जिथे भक्त जमतात तिथे प्लॉटवाले यायचेच. हे काही फक्त शेगावलाच होतं असं नाही. १८६६ साली शेजारच्याच जमिनीवर 'ओक ब्लफ्स लँड अँड व्हार्फ कंपनी' उभी राहिली. तिनं हजारभर प्लॉट पाडले, धक्का बांधला. १८७२ साली समुद्रावर 'सी व्ह्यू हाउस' नावाचं भलंमोठं हॉटेल आलं. हवा खायला लोक लोटले. इकडे प्रार्थना, तिकडे समुद्रस्नान आणि क्रोके नावाचा चेंडू-हातोड्यांचा खेळ. भाविक मंडळींनी मग काय करावं? आपल्या छावणीभोवती सात फूट उंच लाकडी कुंपण घातलं. पापाची उंची साडेसहा फुटांपेक्षा जास्त नसते असा काही हिशेब असावा. पुढे १८८० साली हा सगळा भाग एडगरटाउन या मूळ गावापासून फुटून 'कॉटेज सिटी' झाला, आणि १९०७ साली गावानं कंपनीचं नाव घेतलं: ओक ब्लफ्स. भक्तांच्या तंबूंतून गाव झालं आणि पाटी प्लॉटवाल्यांची लागली. हॉटेल मात्र १८९२ सालीच जळून गेलं होतं.

सगळंच गोड नाही. गावाच्या दुसऱ्या अंगाला 'शीअरर कॉटेज' आहे, तेही जावईबापूंनी दाखवलं. चार्ल्स शीअरर हा व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला माणूस. १९१२ साली त्यानं आणि त्याच्या बायकोनं तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, कारण सुट्टीला आलेल्या काळ्या माणसांना बाकीची हॉटेलं दारात उभी करत नसत. पुढे ओक ब्लफ्स हे काळ्या कुटुंबांचं मोठं उन्हाळी गाव झालं. मी मनाशी म्हटलं, आपल्याला या बाबतीत बोलायला तोंड नाही. आपलीही गावं देवळाभोवतीच वसली, आणि वेशीबाहेर कोण राहिलं हे आपल्याला शाळेत कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

एका निळ्या घराच्या ओट्यावर झुलत्या खुर्चीत एक आजीबाई बसल्या होत्या. बहिणीनं ओळख करून दिली, "हा माझा भाऊ, बँकेत असतो." आजीबाईंनी अशा सहानुभूतीनं बघितलं की मला एकदम घरच्यासारखं वाटलं. घर त्यांच्या पणजीचं. जागा कॅम्प मीटिंगच्या मंडळाची, भाडेपट्ट्यावर. घर विकायचं तर घेणाऱ्याला मंडळाची मंजुरी लागते. यातली बहुतेक घरं उन्हाळ्यापुरतीच. भिंत म्हणजे एका पदराच्या उभ्या फळ्या, थंडीचा टिकाव लागत नाही.

मी न राहवून विचारलं, "जागा आपली नाही याची भीती नाही वाटत?"

बहिणीनं इंग्रजी केलं. आजीबाई थोडा वेळ झुलल्या. मग म्हणाल्या, दरसाल पैसे भरते, पावती घेते, पुढच्या वर्षी परत येते.

वडिलांचंच उत्तर! फरक एवढाच, की वडील पावती पंचांगात ठेवत.

संध्याकाळी मधल्या मोठ्या मंडपात गेलो. हा लोखंडी मंडप १८७९ सालचा, चारी बाजूंनी उघडा. त्याच्या आधी तिथे कापडाचाच होता. शेगावात गजानन महाराज दिसले १८७८ साली. म्हणजे तिकडे महाराज बसले आणि पुढच्याच वर्षी इकडे मंडप पडला, असा जमाखर्च मी उगीच जुळवला. त्या दिवशी कंदिलांची रात्र होती. १८६९ साली सुरू झालेली चाल. ती सुरू केली त्या प्लॉटवाल्या कंपनीनं, आणि सांभाळली छावणीनं! हजारो लोक गाणी म्हणत बसले होते. मग दिवे घालवले. मंडपात एकानं पहिला कंदील पेटवला, आणि त्यापाठोपाठ एकेका ओट्यावर कागदी कंदील उजळत गेले. चिनी, जपानी, काही तर जुन्यापान्या पिढीजात, चिकटवून चिकटवून जपलेले.

बहीण काही बोलत नव्हती. मग म्हणाली, "बाबा आकाशकंदील कागदाचाच लावायचे. खळ करायला आईची कणीक चोरायचे."

"आणि आई मला मारायची," मी म्हटलं.

परतीच्या बोटीत मी विषय काढला नाही. तिनंही नाही. निघायच्या दिवशी तिनं बॅग भरून दिली; कागदाची पिशवी जशीच्या तशी तळाशी, तिच्यावर चॉकलेटं. घरी सौ.नं बॅग उघडून विचारलं, "सही?" मी म्हटलं, "चॉकलेटं बघ किती आणलीत."

पुढच्या रविवारी गावी गेलो. दुकानदार ओट्यावरच उभा होता. "झालं का जी काम?" मी मान हलवली. त्याला कळलं. "काऊन? भाव कमी वाटते का?" म्हटलं, तसं नाही. मग कसं, ते मला सांगता येईना, आणि तो दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेला.

देवस्थानच्या कचेरीत दोन वर्षांचं भुईभाडं थकलं होतं. दोनशे चाळीस रुपये. दिवाणजींनी चष्म्यावरून बघितलं, "घर इकत होते ना तुमी?"

"पावती वडिलांच्याच नावानं फाडा," मी म्हटलं.