आठ किलोबाइटांचा हिशेब

पुण्यात एम्बेडेड लिनक्सवर काम करताना माझा बराचसा वेळ कर्नल ड्रायव्हर लिहिण्यात आणि त्याहून जास्त दुसऱ्यांचे ड्रायव्हर तपासण्यात जातो. या कामाकडे येणारी मुलं आधी साधे प्रोग्रॅम लिहून आलेली असतात. मीही तसाच आलो. लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमला सहसा ८ मेगाबाइटपर्यंत स्टॅक मिळतो. फंक्शनमध्ये चार हजार बाइटांचा लोकल अ‍ॅरे घेतला तरी कुणी हटकत नाही. ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर कर्नलमध्ये शिरलेल्या थ्रेडला मात्र सगळा मिळून ८ किलोबाइट स्टॅक मिळतो. हजारपटीचा फरक आहे. शिवाय प्रोग्रॅमचा स्टॅक गरजेप्रमाणे वाढतो, कर्नलचा थ्रेड तयार होताना जेवढा मिळाला तेवढाच राहतो.

या मर्यादेचा खरा अर्थ मला कळला तो कारखान्यातल्या नोंदी साठवणाऱ्या एका उपकरणावर. यंत्रांकडून नेटवर्कवरून माहिती यायची आणि फ्लॅश मेमरीवर लिहिली जायची. प्रयोगशाळेत ते दिवसेंदिवस सुरळीत चालायचं. ग्राहकाकडे मात्र मधूनच बंद पडायचं, आणि दर वेळी तक्रार वेगळी. कधी शेड्युलरमध्ये पडलं, कधी फाइल सिस्टिममध्ये, कधी भलत्याच ड्रायव्हरमध्ये. जिथे पडलं तिथला कोड वाचावा, तर त्यात काहीच खोट नाही.

दोष एकच असताना जागा रोज बदलते, तेव्हा कुणीतरी दुसऱ्याची मेमरी खराब करतंय असं समजावं. त्या उपकरणातल्या कर्नलमध्ये स्टॅकच्या खालच्या टोकालाच थ्रेड इन्फो नावाची रचना असायची. थ्रेड कुणाचा, त्याला थांबवता येईल का, अशा नोंदी तिच्यात असतात. स्टॅक वरून खाली भरत येतो. मर्यादा ओलांडली की आधी या नोंदी पुसल्या जातात, मग त्याखालची परकी मेमरी. अडवणारं मध्ये काहीच नव्हतं. नुकसान घडलं त्या क्षणी शांतता, आणि स्फोट नंतर, दुसऱ्याच्या दारात.

कर्नलमध्ये स्टॅक मोजणारी सोय आहे: एफट्रेसचा स्टॅक ट्रेसर. तो चालू ठेवला की आजवर स्टॅक सर्वांत खोल कुठवर गेला आणि त्या साखळीतल्या प्रत्येक फंक्शनने किती बाइट घेतले याची यादी मिळते. प्रयोगशाळेत आम्ही फ्लॅशवर सतत लिहीत असताना नेटवर्कवरूनही पॅकेटांचा मारा सुरू केला, आणि ती यादी भराभर लांबत गेली.

वरून वाचत गेलो तसं चित्र उलगडलं. प्रोग्रॅमने लिहायला सांगितलं. तिथून फाइल सिस्टिम, ब्लॉक लेअर, डिव्हाइस मॅपर, आणि तळाला फ्लॅशचा ड्रायव्हर. तो चिप बनवणाऱ्यांकडून आलेला होता. त्यात एक फंक्शन दुसऱ्या फाइलीतल्या फंक्शनला बोलवायचं आणि दोघांतही सातशेच्या आसपास बाइटांचा लोकल अ‍ॅरे होता. ३२ बिटांवर एका फंक्शनची फ्रेम १०२४ बाइटांच्या वर गेली तर कंपायलर सहसा वॉर्निंग देतो. इथे दोघंही मर्यादेच्या आत, म्हणून कंपायलर गप्प. तो एकेका फंक्शनकडे पाहतो. साखळीची बेरीज त्याच्या नजरेत येत नाही.

एवढ्यानेही स्टॅक फुटत नव्हता. पण त्या कर्नलमध्ये एआरएमवर इंटरप्टला वेगळा स्टॅक नव्हता. ड्रायव्हर सर्वांत खोल असताना नेटवर्कचा इंटरप्ट आला, तर पॅकेट वर पोहोचवण्याचं कामही उरलेल्या जागेतच व्हायचं. ग्राहकाकडे हा योग जुळायचा, आमच्याकडे आधी जुळत नव्हता.

दुरुस्ती करताना पहिली सूचना आली ती लिहिण्याच्या वाटेवरच केमॅलॉकने जागा मागण्याची. तिच्यात धोका होता. मेमरी कमी पडली की कर्नल जुनी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करू पाहतो, आणि ती डिस्क म्हणजे आपणच. आपण मेमरीची वाट पाहायची आणि मेमरीने आपली, अशी कोंडी होते. ती टाळायला जीएफपी नोआयओ हा फ्लॅग आहे, पण त्या वेळी जागा मिळेलच याची हमी तो देत नाही. म्हणून आम्ही दोन्ही बफर ड्रायव्हर सुरू होतानाच, प्रोबमध्ये, एकदाच घेऊन ठेवले. स्टॅकवर प्रत्येक कॉलला आपापली प्रत मिळत होती; आता बफर सामाईक झाले, म्हणून म्युटेक्स लावणं भाग होतं. त्यानंतर त्या तक्रारी थांबल्या.

कर्नल लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला आहे. ६४ बिटांच्या एक्स८६ वर २०१४ साली, ३.१५ आवृत्तीत, स्टॅक ८ वरून १६ किलोबाइट केला गेला. साखळ्या खरोखरच तेवढ्या खोल जाऊ लागल्या होत्या. २०१६ च्या ४.९ आवृत्तीत तिथेच व्हीमॅप स्टॅक आला. त्यात स्टॅकच्या कडेला गार्ड पेज असतं, त्यामुळे मर्यादा ओलांडणारा जागच्या जागी पकडला जातो. त्याच बदलाने स्टॅकवरचा बफर डीएमएसाठी हार्डवेअरला देणारे कितीतरी ड्रायव्हर उघडे पडले. तसं करू नये हा नियम आधीपासूनच होता. आकार चालताना ठरणारे अ‍ॅरे २०१८ पर्यंत कर्नलमधून हटवण्यात आले. ३२ बिटांच्या एआरएमला वेगळा इंटरप्ट स्टॅक आणि व्हीमॅप स्टॅक मिळायला मात्र २०२२ उजाडलं.

तरीही मोठा स्टॅक आणि गार्ड पेज यांच्या भरवशावर कुणी ड्रायव्हर लिहू नये. गार्ड पेज दोष दाखवतं, उपकरण तरीही बंदच पडतं. आपलं फंक्शन कुणी बोलावलं, त्याच्या वर किती थर आहेत आणि मध्येच कोणता इंटरप्ट येईल, हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतात फक्त स्वतःचे बाइट.

म्हणून ड्रायव्हर लिहू लागलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. शेदोनशे बाइटांहून मोठी कोणतीही गोष्ट स्टॅकवर ठेवण्याआधी तिला दुसरी जागा शोधा. रिकर्शन टाळा. फ्रेमच्या आकाराची वॉर्निंग बंद करू नका आणि मर्यादा वाढवून तिला गप्पही करू नका. आणि काम सोपवण्याआधी डिस्क, नेटवर्क आणि मेमरी यांच्यावर एकाच वेळी ताण देऊन स्टॅक ट्रेसरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.