जमिनीचा जबाब

पुण्याहून नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी गोळीबाराच्या मैदानाकडे रस्त्याने निघाले तर शिरूर लागते आणि आगगाडीने निघाले तर दौंड. तोफगोळ्यांचे फ्यूज पारखण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्या माझ्यासारख्याला या दोन तालुक्यांच्या मातीतला भेद पाठ्यग्रंथांहून अधिक शिकवून गेला.

३१ डिसेंबर १८१७ रोजी शिरूरच्या छावणीतून इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन दोन सहा-पौंडी तोफांसह कोरेगावच्या दिशेने निघाला, त्या युगात फुटणाऱ्या गोळ्याची वात लाकडी नळीत ठासलेली असे आणि गोलंदाजाने अंतराच्या अदमासाने ती नळी कापली, की पुढचा सारा कारभार त्या अदमासाच्या हवाली होई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मर्ल ट्यूव्ह यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या सामीप्य-फ्यूजने, जो जानेवारी १९४३ मध्ये समुद्रावर आणि डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या रणभूमीवर उतरला, हा अदमासच निकालात काढला. धावत्या गोळ्यातून सुटलेली रेडिओलहर जमिनीवरून परतते तेव्हा तिची कंपनसंख्या किंचित बदललेली असते; मूळ लहरीशी तिचा मेळ पडून उमटणारा संकेत पुरेसा बळावला, की स्फोटाचा हुकूम सुटतो. या फ्यूजमधल्या विद्युत्घटाने कोठारात निर्जीव पडून राहावे आणि तोफ डागताच काचेची कुपी फुटून, गोळ्याच्या फिरकीने द्राव पत्र्यांमध्ये पसरून, त्याने एकाएकी जागे व्हावे, या तजविजीइतके सुंदर काम मी आमच्या धंद्यात दुसरे पाहिले नाही. सामीप्य-फ्यूजचे विमानविरोधी प्रकाशविद्युत् आणि पाणतीरांसाठीचे चुंबकीय असे प्रकारही झाले. माझा जीव मात्र रेडिओतच रमला.

कारण त्यात जमीन स्वतः जबाब देते. शिरूरच्या कोरडवाहू माळावरचा मुरूम लहर बरीचशी पिऊन टाकील आणि गोळा खाली उतरून फुटेल. दौंडकडच्या भीमाकाठी, पाणी दिलेल्या काळ्या रानावर, तीच लहर जोमाने परतून स्फोट उंचावर होईल. या रानांवर तोफ कधी डागली जात नाही, परंतु गाडीच्या खिडकीतून ओलावा जोखण्याची सवय मला तेथेच जडली.

कंपनसंख्या सतत पालटून थेट उंची मोजणाऱ्या नव्या फ्यूजांनी हा भेद पुष्कळ कमी केला आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक फ्यूजांसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे शाखेशी दहा वर्षांचा करार केला, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. तरीही चाचणीच्या दफ्तरात स्फोटाच्या उंचीशेजारी मातीची जात, आदल्या पावसाची नोंद आणि उभ्या गवताची उंची हे तीन रकाने असलेच पाहिजेत, असा माझा आग्रह आजही कायम आहे.