अर्थिंगला पाणी

आमच्या मजल्यावर खिडकीशी बसणाऱ्या मुलीचा मॉनिटर मधूनच काळा व्हायचा. सेकंदभर, फार तर दोन, आणि चित्र परत यायचं. केबल बदलून झाली, मॉनिटर बदलून झाला. मग एक दिवस तिनं सांगितलं, की तिच्या पाठीमागे बसणारे गृहस्थ चहाला उठले की हे होतं. सगळे हसले. ते गृहस्थ उठले, बसले, पुन्हा उठले. मॉनिटर काळा.

खुर्ची गॅसच्या नळीवर वरखाली होणारी होती, हल्ली सगळ्याच ऑफिसांत असते तशी. माणूस उठतो तेव्हा कपडे गादीपासून सुटतात, तेवढ्यात स्थिर वीज साठते आणि खुर्चीच्या लोखंडी भागांत कुठेतरी बारीकशी ठिणगी पडते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण तिच्यातून निघालेला विद्युतचुंबकीय झटका जवळच्या व्हिडिओ केबलला ऐकू जातो. केबल लांब आणि आवरण हलक्या प्रतीचं असेल, तर ती अँटेनाच होते. मॉनिटरची लय तुटते आणि ती सावरायला त्याला एक-दोन सेकंद लागतात. डिस्प्लेलिंक या कंपनीनं आपल्या ग्राहकांसाठीच्या सूचनांत हे सरळ लिहून ठेवलंय: पडदा मधूनच जात असेल तर गॅसच्या खुर्च्यांकडेही पाहा.

माझ्या मनात राहिलं ते सगळ्यांचं हसणं. त्या मुलीनं कित्येक दिवस नीट पाहिलं होतं, ताडून घेतलं होतं, आणि मगच तोंड उघडलं होतं. संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसात मला एकच गुण सर्वांत मोठा वाटतो. समोरचा जे सांगतोय ते कितीही विचित्र असलं तरी ते घडलंय असं धरून चालणं. यंत्राचं ज्ञान पुढचं.

कोकणातल्या कचेऱ्यांत पावसाळा लागला की संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप-बीप करत राहतो. तिथं प्रत्येक टेबलाच्या खणात खोडरबर असतो. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायची आणि पट्टी टक्कन बसवायची. पुस्तकी तंत्रज्ञ याला नाकं मुरडतात. रबरानं स्थिर वीज तयार होते, चुरा खाचेत पडतो, फुंकरीबरोबर थुंकी उडते, हे सगळं खरं आहे. पुष्कळदा नुसती पट्टी काढून परत बसवली तरी काम होतं, कारण बसवतानाच्या घासण्यानं खाऱ्या दमट हवेनं धरलेला थर निघून जातो. तरी मला तो खोडरबर आवडतो. हवा यंत्राला लागते, हे ज्याला कळलंय त्याच्याच खणात तो सापडतो.

हवेपेक्षा जमीन मात्र जास्त लागते. ते मला मराठवाड्यात कळलं.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत होतो. संगणक नुकते आले होते आणि त्यांचा मान मोठा होता. एक खोली स्वतंत्र, दाराबाहेर चपला, पडद्यांवर कव्हरं. एप्रिल उलटला आणि पासबुकं बिघडू लागली. सकाळी सगळं ठीक. दुपारी कूलर सुरू झाले, झेरॉक्सचं मशीन तापलं, की प्रिंटर भलतंच छापायला लागायचा. जमेच्या रकान्यात अर्धी रक्कम, पुढे बदाम. शिलकीच्या जागी इस्पिक आणि किल्वर. पत्त्यांतली ही चिन्हं त्या प्रिंटरच्या अक्षरसंचात खरोखरच असतात, अगदी सुरुवातीच्या क्रमांकांवर. रकमेचा आकडा म्हणून जो संकेत निघाला, त्यातले एक-दोन बिट वाटेत उलटले की भलतंच अक्षर उमटतं. काउंटरपलीकडची माणसं पासबुक उलटंसुलटं करून बघायची. पोटाला चिमटा घेऊन ठेवलेल्या पैशांपुढे बदाम छापून आला, तर माणूस घाबरणारच. एक म्हातारी रोज दुपारी येऊन ओळीत उभी राही आणि आपली शिल्लक आमच्याकडून तोंडी वदवून घेई.

शहरातून इंजिनिअर आला. त्यानं प्रिंटरचं हेड बदललं, केबल बदलली, आतलं कार्ड बदललं. तो असेपर्यंत छपाई स्वच्छ व्हायची, कारण तो सकाळच्या एसटीनं यायचा आणि जेवणाआधी परत जायचा.

आमच्याकडे एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पुसायला गेलं की कॅबिनेटला हात लावताना मुंग्या येतात, असं मामा कधीचं सांगत होते. ‘करंट मारतंय’ हे शब्द त्यांनी कित्येकदा उच्चारले असतील. आम्ही चपला घालून बसायचो. मामा अनवाणी फरशी पुसायचे. त्यामुळे ती गोष्ट फक्त त्यांनाच कळत होती. एका दुपारी त्यांनी टेस्टर आणला आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेकवला. टेस्टरमधला दिवा मंद नारिंगी पेटला. मग ते काही न बोलता मागच्या दारानं बाहेर गेले.

मॅनेजरांनी खिडकीतून पाहिलं तेव्हा मामा घागर घेऊन भिंतीकडेच्या बिडाच्या झाकणाशी बसले होते.

“मामा, तिथं पाणी कशाला?”

“मशीनला काई झालं नाई साहेब. अर्थिंग वाळलंय.”

झाकणाखाली गंजलेली नळी होती आणि तिच्या तोंडाशी जाळीचं नरसाळं. अशी नळी अडीच-तीन मीटर खोल जाते. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे आलटूनपालटून थर देतात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीत विरघळून वीज वाहून न्यायला मदत करतं. थर कितीही नीट दिले तरी ओल नसेल तर मीठही निरुपयोगी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेग नळीपाशी गेली की नळी मातीपासून सुटते. मामांनी पहिली घागर ओतली तेव्हा पाणी बराच वेळ नरसाळ्यातच थांबलं. मग घशात घोट उतरल्यासारखा आवाज झाला आणि ते खाली गेलं. दुसरी घागर चटकन गेली, तिसरीही. त्यांनी आजूबाजूची मातीही भिजवली, भेगांत हातानं माती सारली, वर पुन्हा पाणी शिंपलं. मग उठून आत आले आणि टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

त्या दुपारी पासबुकांवर आकडेच छापले गेले.

हे त्यांना कसं सुचलं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या शेतावर न्यूट्रलची तार नव्हती. एक फेज आणि जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई, यांवर खोपटातला दिवा लावायची पद्धत त्या भागात होती. ही पद्धत फार वाईट. ओल्या सळईपाशी पाय पडून माणसं आणि जनावरं गेलेली आहेत. पण त्या दिव्यानं मामांना एक गोष्ट शिकवली होती. उन्हाळ्यात दिवा मिणमिणायला लागला की सळईला तांब्याभर पाणी घालायचं. दिवा उजळतो. जमीन ओली तर वीज वाहती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पुढे वाचत गेलो तेव्हा त्या दुपारचा हिशेब लागला. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला गोंगाट जमिनीत सोडून द्यायला. जमीनच तुटली, तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो: 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे 115 च्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, माणसाला मुंग्या येतील एवढा. मामांच्या हाताला जाणवायचं ते हेच. आमच्या संगणकांना स्वतंत्र अर्थिंग दिलेलं होतं आणि प्रिंटर इमारतीच्या जुन्या सॉकेटवर होता. दोघांची जमीन वेगळी. संगणकाची वाळली, म्हणून दोघांचं ‘शून्य’ वेगळ्या पातळीवर गेलं, आणि त्यांना जोडणाऱ्या केबलमधून नको तो प्रवाह वाहू लागला. त्या केबलमधली भाषा 5 व्होल्टची. 0.8 व्होल्टच्या खाली असेल ते शून्य, 2 च्या वर असेल ते एक. कूलरची मोटार चालू-बंद झाली की जमिनीची पातळीच व्होल्ट-दोन व्होल्टनं हलायची, आणि कुणाचा तरी आकडा किल्वर व्हायचा. आजही चांगला इलेक्ट्रिशियन संगणकाची खोली तपासताना आधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट मोजतो. ते दोन-तीनच्या आत असले की मगच पुढे जातो.

त्यानंतर उन्हाळाभर अर्थिंगला पाणी घालणं हे मामांच्या कामांत लिहिलं गेलं. तुळशीला पाणी घालून येतानाच ते तिथं घागर रिती करत. माझ्या लेखी त्या संस्थेतला खरा हार्डवेअर इंजिनिअर तोच माणूस. त्यांच्या पगारात मात्र फरक पडला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आवाजाचंही असंच आहे. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक जुनी हकीकत लिहिली. जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ वाजवलं की एका कंपनीचे लॅपटॉप बंद पडत. शेजारच्या लॅपटॉपवर वाजवलं तरी हा बंद पडे. त्या गाण्यातला एक स्वर आतल्या 5400 फेऱ्यांच्या हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. कंपनीनं तो स्वर गाळणारी चाळणी बसवून माल पुढे विकला. या दोषाला जगाच्या सुरक्षादोषांच्या यादीत रीतसर क्रमांकही मिळाला. 2008 साली सन मायक्रोसिस्टिम्सचे ब्रेंडन ग्रेग डिस्कांच्या रॅकसमोर उभे राहून ओरडले आणि त्याच क्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचं आलेखावर दिसलं. तो व्हिडिओ मी नव्या मुलांना आवर्जून दाखवतो. आणि 2016 च्या सप्टेंबरात बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. नळ्यांतून वायू सुटला तो इतक्या मोठ्या आवाजानं, की डिस्का निकामी झाल्या आणि सुमारे 10 तास कार्डं, एटीएम बंद राहिली. आग लागलेलीच नव्हती.

जमीन झाली, हवा झाली, आवाज झाला. वरूनही काही येतं.

1978 मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं, की मेमरीतले बिट आपोआप उलटतात त्यामागे चिपच्या सिरॅमिक आवरणातले युरेनियम-थोरियमचे अंश आहेत. त्यांतून सुटणारा अल्फा कण एका घरातला भार बदलून टाकतो. ते सिरॅमिक बनवणारा नवा कारखाना अमेरिकेत ग्रीन नदीच्या काठी, युरेनियमच्या जुन्या खाणीच्या खालच्या अंगाला उभा राहिला होता. नदीचं पाणी कारखान्यात आलं आणि तिथून थेट संगणकाच्या स्मरणात. हा शोध मला रहस्यकथेपेक्षा जास्त रंजक वाटतो. आवरणं शुद्ध करता आली; आभाळ शुद्ध करता येत नाही. 2003 मध्ये ब्रुसेल्समधल्या स्खारबेकला निवडणुकीच्या मोजणीत एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर 4096. दोनाचा बारावा घात. म्हणजे एकच बिट शून्याचा एक झालेला. तपासणाऱ्यांना सॉफ्टवेअरमध्ये काही सापडलं नाही. बिट आपोआप उलटला असावा, एवढंच ते म्हणू शकले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर संशय आहे, पुरावा नाही.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे. मेमरीत दर 64 बिटांमागे 8 बिट जादा ठेवायचे. एक बिट चुकला तर यंत्र तो जागीच दुरुस्त करतं, दोन चुकले तर ओरडून सांगतं. सर्व्हरमध्ये अशी मेमरी असते. काउंटरवरच्या साध्या संगणकात बहुधा नसते. जिथं कुणाची पेन्शन, कुणाचा सातबारा, कुणाच्या रक्ताचा अहवाल टाइप होतो, तिथल्या टेबलावरही ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्या म्हातारीची ओळ आठवली की ते आणखी ठाम होतं.

विश्वकिरणांचा विषय आपल्याला परका नाही. होमी भाभांनी 1937 साली हाइटलर यांच्याबरोबर मांडलं, की अवकाशातून आलेला एक कण हवेत आपटून कणांची सर कशी पाडतो. आत्ताही तळहातावर दर सेकंदाला त्यातला एखादा म्यूऑन उतरतोय. भाभांनी उभारलेल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतच 1960 साली देशात घडवलेला टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. 2700 निर्वात नळ्या, आणि स्मरणासाठी तारांत ओवलेली फेराइटची चिमुकली कडी, सुमारे 80 हजार. त्या कड्यांना हे किरण काही करू शकत नसत. एकट्या कणाच्या धक्क्यानं उलटायला ती फार मोठी होती. बिट लहान होत गेले तसे हळवे होत गेले.

पण त्याच संस्थेच्या लोकांना पुढे हे किरण टाळावे लागले. न्यूट्रिनो हे कण शोधायचे तर वरची ही सर थांबवणं भाग होतं, म्हणून ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत 2 किलोमीटरहून खोल उतरले. वर एवढा खडक, म्हणून 1965 मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंची खूण तिथं मिळाली. खाणीच्या त्या खोलीवर खडक तापलेला असतो, हवा कोंदट असते, आणि तिथं नाजूक उपकरणं महिनोन् महिने चालती ठेवायची. ती चालती ठेवणाऱ्या तंत्रज्ञांच्या नोंदवह्या कुठे जपलेल्या असतील, तर रजा टाकून वाचायला जाईन. कुठल्या तारेला ओल धरली, कुठला रिले का अडकला, कुणी काय सांगितलं आणि ते खरं निघालं.