आत्याची रात्र

शनिवारी उत्रोलीला आत्याकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर 'हॉटेल मुंबई' लावला. दोन तासांत कमांडो येतात, ओलीस सुटतात, पिक्चर खल्लास!

आत्या म्हणाली, "एवढ्यात संपलं? आमचं तीन दिवस चाललं होतं रे. पहिल्या रात्री तर दादा फोर्टात अडकलेला, फोन लागेना..."

२६ नोव्हेंबर २००८. एनएसजीचे कमांडो मानेसरहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. सगळं संपायला साठेक तास लागले. १६६ माणसं गेली. मुंबईत एनएसजीचा तळ झाला तो त्यानंतर, २००९मध्ये. आम्ही तेव्हा मुंबईतच, पण मला आठवते ती फक्त शाळेची सुट्टी. आत्याची ती रात्र कुठल्याच पिक्चरमध्ये नाही.

असो. रविवारी उठल्याउठल्या बाबांना फोन केला.

"काय रे, काही काम?"

"नाही, सहजच."